चाखणं म्हणजे खाणं नव्हे

माझ्या नवऱ्याचं, म्हणजे भय्याजींचं, वजन आम्ही राइस मिलमधल्या पोत्यांच्या काट्यावर केलं. घरात छोटा काटा होता, पण त्यावर ते एकदा तावातावाने चढले आणि तेव्हापासून तो शून्याच्या पुढे सरकेना. मिलमधल्या तोलाऱ्याने सवयीप्रमाणे मोठ्याने पुकारलं, एक क्विंटल चार किलो. मागून एका हमालाने विचारलं, बारदाना वजा करायचा का? बारदाना म्हणजे रिकामं पोतं, इथे त्यांचे कपडे. सगळी मिल खो खो हसली आणि सगळ्यात जास्त भय्याजी हसले. मला हसू आलं नाही. आकडा त्यांचा असला तरी बेअब्रू माझी होती.

कारण दोन वर्षांपासून त्यांच्या पोटाची चावी माझ्या हातात आहे, असं मी समजत होते. मी गोदावरी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तरीण. कॉपी करणारं पोर मी फळ्याकडे तोंड करूनही ओळखायची. निवृत्त झाले आणि वर्गात एकच पोर उरलं, तेही साठीचं. मी त्यांचं तेल चमच्याने मोजलं, भात बंद केला, दुपारी दोन पोळ्या आणि दुधीची भाजी, रात्री ज्वारीची भाकर आणि पातळ वरण. भंडारा जिल्ह्यात माणसाच्या ताटात भात न वाढणं हा जवळजवळ गुन्हाच आहे. माझ्या नणंदेने तर तोंडावर विचारलं, की माझ्या भावाने असं काय पाप केलं. भय्याजींनी मात्र कधी हूं की चूं केलं नाही. वाढलं ते खायचे, ताट उचलून ठेवायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या सदऱ्याचं एक बटण उडायचं.

मी चौकशी केली. समोसेवाल्याला विचारलं, तर्री-पोहेवाल्याला विचारलं, मिठाईच्या दुकानात माझाच एक जुना विद्यार्थी गल्ल्यावर बसतो, त्याला शाळेतली नजर दाखवून विचारलं. भय्याजी वर्षभरात इकडे फिरकले नाहीत, असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. शेवटी मी त्यांनाच धरलं, तर ते पोथीवर हात ठेवून म्हणाले, "तू देते त्याच्याशिवाय मी काईच खात नाही, मास्तरीन." आणि ते खोटं बोलत नव्हते. तेच तर सगळं दुखणं होतं.

भय्याजी करतात काय, ते आधी सांगायला हवं. तुमसरच्या तांदळाच्या बाजारात त्यांची दलालीची लहानशी गादी आहे, पण लोक येतात ते त्यांच्या जिभेसाठी. तांदूळ डोळ्याने पारखणारे पायलीचे पन्नास. हातावर घेतील, दाताखाली फोडतील, हुंगतील आणि मत ठोकून देतील. भय्याजी म्हणतात, शिजल्याशिवाय तांदूळ खरं बोलत नाही. गादीच्या मागच्या खोलीत कुंताबाई दोन शेगड्यांवर दिवसभर वाटी-वाटी तांदूळ शिजवते, प्रत्येक मिलचा नमुना वेगळ्या पातेलीत, ना मीठ ना तेल. भय्याजी चाखतात आणि सांगतात की हा नवा आहे, जुना म्हणून विकू नका. हा वासाचा चिन्नोर आहे पण याला पाणी कमी लागेल, आचाऱ्याला सांगून ठेवा. त्यांच्या शब्दावर ट्रक भरतात. लग्नसराईत तर घराघरांतून माणसं येतात. आमच्याकडे मांडव कसा होता, नवरीने काय नेसलं होतं, हे लोक आठ दिवसांत विसरतात. भात कसा होता, हे नातवंडांना सांगतात. म्हणून लग्नाचा तांदूळ भय्याजींकडून पास करून घ्यायचा, असा रिवाजच पडून गेला आहे.

२०१८च्या वैशाखात एकोडीच्या यादोरावांच्या मुलीचं लग्न होतं. यादोराव धानाचे शेतकरी, भय्याजींचे जुने मित्र. तांदूळ त्यांच्या घरचाच, भय्याजींनी पास केलेला. आम्ही दोघं पहिल्याच पंगतीत बसलो. पत्रावळीवर भात पडला, वर वरण पडलं, मी घास घेतला आणि माझं तोंड कडूजहर झालं. समोर बघते तर शे-दोनशे माणसांची तोंडं एकसारखी वाकडी. झालं होतं असं, की कीड लागू नये म्हणून त्यांच्या घरी तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. त्या वर्षी कोणीतरी उत्साहाने चौपट घातला, त्याचा चुरा झाला, कोठीला ओल आली आणि तो कडूपणा दाण्यादाण्यांत मुरला. रंगावरून कळायची सोय नाही, वासावरून तर नाहीच. आचाऱ्याने चाखला नाही, कारण पास भय्याजींनी केला होता. कोणीतरी म्हणालं, चला, लग्नातच पाडवा उरकला, आणि पंगत हसायला लागली. लोक चांगले म्हणून बुंदी आणि मठ्ठ्यावर वेळ निभावली.

माझ्या शेजारी भय्याजी जेवत होते. शांतपणे, दुसऱ्यांदा भात घेऊन.

मी त्यांच्या पत्रावळीकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. घरी आलो. दार लावलं आणि विचारलं, "तुमाले भात कडू नाही लागला?"

ते खाटेच्या काठावर बसले. मग म्हणाले, "मले कोणताच भात काईच लागत नाही वं. दोन वर्षं झाली."

आधी मीठ गेलं, मग गोडी गेली, असं त्यांनी सांगितलं. नाक शाबूत होतं, डोळे आणि बोटं चाळीस वर्षांची तयार होती, त्यावर त्यांनी दोन वर्षं निभावलं. चिन्नोर वासावरून कळायचा, नवा-जुना बोटांना कळायचा, आणि उरलेलं ते अंदाजाने सांगायचे. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मलासुद्धा नाही. हे ऐकून मला राग यायला हवा होता, पण शंभर किलोचा माणूस समोर लहान पोरासारखा हमसून रडायला लागल्यावर रागाला जागा उरत नाही. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं होतं तेही बाहेर आलं. आमच्या अपेक्षाचं लग्न आसगावच्या नीलेशशी ठरलं होतं, पुढच्या वैशाखात. भय्याजी म्हणाले, "पोरीच्या लग्नाचा तांदूळ टेकचंदले पास कराले सांगजो. मले नाही जमत आता."

टेकचंद म्हणजे त्यांच्या गादीपासून तिसरी गादी. माणूस वाईट नाही, पण तांदूळ हुंगूनच निकाल देतो. ज्याने अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नांचा तांदूळ पास केला, त्याच्याच मुलीच्या लग्नाचा तांदूळ टेकचंद पास करणार. भय्याजी त्या रात्री जेवले नाहीत, आणि त्यांनी जेवावं म्हणून मी पहिल्यांदा आग्रह केला.

अपेक्षा आमची एकुलती एक. भंडाऱ्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि स्वभावाने माझ्यावर गेली आहे, म्हणजे रडत बसत नाही. रविवारी आली, ऐकून घेतलं आणि बापाच्या डोळ्यांवर स्वतःची ओढणी बांधली. चार वाट्यांत साखरेचं, मिठाचं, लिंबाचं आणि कारल्याचं फिकं पाणी करून एकेक चमचा जिभेवर घातला. लिंबू त्यांनी ओळखलं. मीठ दुसऱ्या खेपेला ओळखलं. साखरेला म्हणाले, पाणी. कारल्यालाही म्हणाले, पाणी. अपेक्षा लिहून घेत होती, ती लिहायची थांबली.

मग तिने त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. नाक, दात, नसा सगळं तपासून झालं, दुसरं कारण सापडलं नाही. साखर काठावर होती. पण रक्तात एक आकडा असतो, शरीरात कुठे सूज आहे का ते सांगणारा, तो असायला हवा त्याच्या तिप्पट निघाला. भय्याजींनी हात पाहिले, पाय पाहिले आणि विचारलं, "कुठी आहे सूज? मले तं दिसत नाही."

अपेक्षाने त्यांना घरी बसवून समजावलं. ती म्हणाली, चरबी म्हणजे गोदामात पडलेलं पोतं नाही, ती जिवंत असते. तिच्या पेशींत मावेना इतकं भरत गेलं की त्या ओरडायला लागतात. ती ओरड ऐकून रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावत येतात. येऊन पाहतात तर शत्रू कोणीच नाही, पण परत जात नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, बंदोबस्ताला बोलावलेले होमगार्ड मंडई उठल्यावरही गावातच राहिले तर काय होईल, तिने विचारलं. रोज कुणाची तरी टपरी मोडतील, कुणावर तरी काठी उगारतील. तशी ही सूज अंगभर धुमसत राहते. दिसत नाही, दुखत नाही, पण नासधूस चालू. आणि खरा चोर येतो तेव्हा होमगार्ड थकलेले असतात. मला आठवलं, आदल्या वर्षी पोतं शिवायचा दाभण त्यांच्या पायात गेला होता, तर ती एवढीशी जखम भरायला सात आठवडे लागले. सर्दीही पावसाळ्यात यायची आणि थंडीपर्यंत मुक्काम ठोकायची.

आणि जीभ? जिभेवर चवीच्या कळ्या असतात, तिने सांगितलं. दहा-बारा दिवसांत जुन्या मरतात, नव्या उगवतात. परदेशात कुणी उंदरांना तुपकट खाणं घालून दोन महिन्यांत लठ्ठ केलं, तर त्यांच्या कळ्या पाव हिश्शाने कमी झाल्या. मरणाऱ्या जास्त, उगवणाऱ्या कमी, आणि कारण तीच सूज. काही उंदीर असे होते की त्यांच्या अंगात ही सूज चढवणारा मुख्य पदार्थच तयार होत नव्हता. ते लठ्ठ झाले तरी त्यांची जीभ शाबूत राहिली. हे सांगून तिने लगेच हेही सांगितलं की उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही, आणि बाबांचं हेच आहे असं ती छातीठोक म्हणणार नाही. पण वजन उतरलं तर सूज उतरते, एवढं नक्की.

"मंजे जीभ जिती होऊ शकते?" भय्याजींनी विचारलं.

"होऊ शकते, बाबा. होईनच असं नाही म्हणत मी."

त्यांना तेवढं पुरलं. प्रश्न मला होता. कमी करायचं तरी काय? मी माझं रोजचं जेवण कागदावर लिहून अपेक्षापुढे ठेवलं. तिने हिशेब लावला आणि म्हणाली की एवढंच खात असतील तर बाबा आतापर्यंत सत्तरावर यायला हवे होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, न कळवता, मी गादीवर तपासणीला गेले.

मागच्या खोलीत कुंताबाईजवळ पाट टाकून बसले. पहिली वाटी आली. भय्याजींनी डोळे मिटले, घास घेतला, सावकाश चावला, वहीत काहीतरी लिहिलं. मग उरलेल्या भातावर कुंताबाईने चमचाभर तूप घातलं आणि ते त्यांनी वाटी पुसून संपवलं. दुसरी वाटी. तिसरी. एक वाजेपर्यंत मी अकरा मोजल्या. कुंताबाईने माहिती पुरवली की मिला जोरात चालू असल्या की वीसही होतात, तूप ती स्वतः गावाहून आणते. अकरा वाट्या झाल्यावर भय्याजी उठले आणि मला म्हणाले की चल, जेवायला घरी जाऊ, आज दुधी आहे ना.

मी विचारलं, हे काय होतं? त्यांनी खरोखर न समजून माझ्याकडे पाहिलं. "हे तं काम आहे," ते म्हणाले. "चाखणं मंजे खाणं थोडीच होते?"

मी कपाळावर हात मारला. हा माणूस एकादशीला माझ्या स्वयंपाकघरात भाताच्या पातेल्याला शिवत नव्हता आणि गादीवर बसून वीस वाट्या चाखत होता, तरी त्याचा उपवास मोडत नव्हता. डॉक्टरांनी काय खाता विचारलं तेव्हा त्याने माझी दुधी आणि भाकर सांगितली. पोथीवर हात ठेवला तोही खरा. पण अख्खी वाटी कशाला संपवायची? त्याला दोन कारणं होती. त्यांचे वडील याच गादीवर चाखायचे आणि सांगून गेले होते की ज्याचा निवाडा करायचा त्याचं शेवटच्या घासापर्यंत ऐकून घ्यायचं. शिवाय एकदा हात लागला की भात उष्टा, तो दुसऱ्याला देता येत नाही, आणि अन्न टाकणं तर पाप. पाचव्या वाटीपासून कोरडा भात घशाखाली उतरत नाही, म्हणून तूप.

चौथीच्या वर्गाला मी तेहतीस वर्षं म्हण शिकवली, शितावरून भाताची परीक्षा, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. माझा आवाज चढला तो बाहेरच्या हमालांपर्यंत गेला असणार. मी म्हटलं, "अवो, सारी दुनिया एका शितावरून भाताची परीक्षा करते, अन् तुमी पातेलीभर भातावरून शिताची करून राहिले." आधी कुंताबाई हसली, मग बाहेर कोणीतरी, मग सगळेच. भय्याजी चप्पल घालून एकटेच घरी निघून गेले.

दोन दिवस त्यांचा अबोला होता. वडिलांच्या शब्दाचा प्रश्न होता, आणि त्यावर म्हण पुरत नाही. तोड काढली ती कुंताबाईने, जिला शाळा फक्त दुसरीपर्यंत माहीत. ती म्हणाली की पातेलीतून आधीच चिमूटभर शितं पळसाच्या पानावर काढू, भय्याजींनी पानातली चाखावी, म्हणजे पातेलीतला भात उष्टा होत नाही. त्यात दुपारी वरण घालू आणि हमालांना वाढू. आणि शेवटपर्यंत ऐकायचं असेल तर साक्षीदार तोच ठेवायचा, त्यालाच पुन्हा पुन्हा विचारायचं. "तीच शितं बत्तीसदा चावा ना, भय्याजी," ती म्हणाली. भय्याजींना हे न्यायाचं वाटलं.

तेव्हापासून गादीच्या मागे रोज दुपारी हमालांची पंगत बसते. चिन्नोर, एचएमटी, लुचई, सगळ्या जातींचा भात एकाच परातीत. महिनाभरात हमाल इतके जाणते झाले की आज भात जरा फिका आहे, कालचा बरा होता, अशा तक्रारी यायला लागल्या. पोती वाहतात म्हणून त्यांच्या अंगाला ते लागत नाही.

पहाटे आम्ही देव्हाडीच्या रस्त्याने चालायला लागलो. मी सोबत जायची ती राखणीला, वाटेत टपऱ्या आहेत म्हणून. पहिल्या आठवड्यात लोक विचारायचे, भय्याजी, गाडी बंद पडली का? पुढे त्यांची सवय झाली, आणि आमचीही. लग्नानंतर इतकं बोलायला आम्हाला कधी वेळच मिळाला नव्हता. मी शाळेतल्या गोष्टी सांगायची, ते तांदळाच्या. माझंही सहा किलो उतरलं, पण त्याची कुणी दखल घेतली नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते.

मिलच्या काट्यावर दिवाळीला पंच्याण्णव भरले, संक्रांतीला नव्वद. तोलाऱ्याने पुकारलं की माल घटला, आणि हमालांनी टाळ्या वाजवल्या. रक्तातला सुजेचा आकडा निम्म्यावर आला. जीभ मात्र होती तिथेच. भय्याजी आता पास-नापास सांगत नव्हते, मिलवाल्यांना सरळ टेकचंदकडे पाठवत होते. स्वतः मात्र रोज पानावरची शितं चावत होते आणि वहीत रिकामी रेघ ओढत होते. त्या रेघा मी पाहिल्या तेव्हा मला भरून आलं.

माघात एका दुपारी ते घामाघूम होऊन घरी आले, मुठीत पळसाचं पान. म्हणाले, "गोड लागला. भात गोड लागला वं." मी चाखला, साधा भात होता. मला वाटलं, मनाचे खेळ असतील. अपेक्षाला फोन केला, ती रविवारी आली, पुन्हा ओढणी, पुन्हा चार वाट्या. साखर त्यांनी ओळखली. कारल्याचा चमचा जिभेवर पडला आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की मी टाळी वाजवली. "आणखी एक दे," ते म्हणाले. असे तीन चमचे कारलं त्यांनी मागून घेतलं. कारल्यासाठी एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण कारलं ओळखणं वेगळं आणि तांदूळ पास करणं वेगळं. लग्नाचा तांदूळ टेकचंदच पास करेल, यावर ते अडून राहिले. अपेक्षाने सांगून टाकलं की तसं असेल तर ती कोर्टात लग्न करेल आणि पाहुण्यांना चिवडा देईल. शेवटी तडजोड झाली. दोघांनीही चाखायचा, आधी टेकचंदने, मग भय्याजींनी.

चैत्रात आमच्या अंगणात पाच नमुने शिजले. आमच्याकडे जवळची माणसं लग्नघरी आपापला तांदूळ घेऊन येतात, त्यातला एक निवडला जातो. यादोराव एकोडीहून स्वतः आले, अर्धं पोतं चिन्नोर घेऊन. मागच्या वर्षीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेच भय्याजींना जास्त जड गेलं. कुंताबाईने पाच झाकणांवर हळदीने आकडे घातले. कोणती पातेली कोणाची, हे तिलाच ठाऊक.

टेकचंदने झाकणं उचलली, हुंगलं, एकेक घास घेतला आणि पाच मिनिटांत मोकळा झाला. तीन नंबर, शुद्ध चिन्नोर, डोळे मिटून घ्या. कोणाला शंका नव्हती, त्या पातेलीचा वास गल्लीपर्यंत गेला होता. मग भय्याजी बसले. पहिला, दुसरा झाला. तिसऱ्याची शितं तोंडात घातली आणि चावत राहिले. पुन्हा चिमूटभर घेतली. माझी नजर कुंताबाईवर गेली, ती खाली मान घालून पदर चाळवत होती. तीन नंबर यादोरावांचा होता. मला कळलं तसं भय्याजींनाही कळलं असणार. नुसतं पास म्हणायचं होतं. मित्राचा मान राहत होता, टेकचंदचा शब्द राहत होता, आणि जीभ मेलेली असो की जिवंत, कुणाला पत्ता लागला नसता.

"हा एकटा चिन्नोर नाही," भय्याजी म्हणाले. "वास चिन्नोरचा आहे, पण गोडी अर्ध्यातच तुटते. याच्यात दुसरा बारीक तांदूळ आहे."

यादोरावांचा चेहरा उतरला. "माह्या घरचा आहे तो, भय्याजी. माह्या शेतातला, माह्या बांधीतला."

"असन. पण दोन आहेत."

टेकचंद गालात हसला. यादोरावांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोबाइल हातावर धरला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला. तिने सांगितलं की चिन्नोर कमी पडला, आणि लग्नघरी अर्ध्याहून कमी पोतं कसं न्यायचं, म्हणून दिराच्या कोठीतला दोन पायल्या बारीक तांदूळ तिनेच त्यात मिसळला. काहून, समजला का कोणाले, असंही तिने विचारलं.

अंगणात जो हशा उठला तो आवरेना. टेकचंदनेही भय्याजींच्या पायाला हात लावला. फक्त भय्याजी हसले नाहीत. ते उठून यादोरावांसमोर उभे राहिले.

"मागच्या साली तुमच्या पोरीच्या लग्नाचा तांदूळ मी न समजता पास केला," ते म्हणाले. "माही जीभ मेली होती, अन् मले ते माहीत होतं. तरी मी पास म्हटलं."

मी पदर तोंडाशी धरला. वर्षभर जे मलाही पुन्हा बोलून दाखवलं नव्हतं, ते त्यांनी भर अंगणात सांगितलं होतं. मला रडू आलं, पण भीतीने नाही, अभिमानाने.

यादोरावांनी मोबाइल खिशात ठेवला. "माह्या पोरीले तिच्या सासूनं पहिल्याच दिवशी काय म्हटलं माहीत आहे?" ते म्हणाले. "म्हणे, बाई, तुह्या लग्नाच्या भातापेक्षा कडू या घरात तुले काईच भेटणार नाही. थे बाई शब्दाले पक्की निघाली. माही पोरगी सुखात आहे, भय्याजी."

भय्याजींनी त्यांना मिठी मारली. आता दोघांचे हात एकमेकांच्या पाठीवर पुरत होते. मग ते पातेलीकडे वळले, आणखी चार शितं तोंडात घातली आणि सावकाश चावली.

"तीन नंबर शिजन," ते म्हणाले. "दोन घरचा तांदूळ एका पातेलीत बसला आहे. लग्नाले अजून काय पायजे? पास."

आणि अपेक्षा, जी कधी रडत बसत नाही, ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत बसली.